चार मिलिमीटर

डॉक्टरीण म्हणाली, पडद्यावर
कापसासारखे दोन ठिपके दिसतायत.
मला हसूच आलं. तिला कळेना का.
आमची खोली कॉटन ग्रीनला, बाई.
तिथल्या गोदामांतून कापूस जाऊन
कैक वर्षं झाली.
गेला कुठे म्हणायचे सगळे,
तर इथे.

ती हसली नाही. लिहीत राहिली.
ल्युपस हा शब्द ती असा लिहिते
जणू एखाद्या पाहुण्याचं नाव,
जो आधी बोटांच्या सांध्यांत राहून गेला,
मूत्रपिंडात डोकावला,
गालांवर फुलपाखरू ठेवून गेला
आणि आता माडी चढून
थेट खिडकीत येऊन बसलाय.

गोळी रोज रात्री, जेवणानंतर.
बाकीचं सगळं तीच सांभाळते,
आणि फार वर्षं पोटात गेली तर
डोळ्याचा मधला भाग तीच कुरतडू शकते.
म्हटलं, मग बंद करू?
"बंद अजिबात नाही. दर वर्षी येऊन दाखवायचे.
बघत राहायचं."
कुणी बघायचं, कशानं बघायचं,
विचारायचं राहिलं.

अंधारी खोली. हनुवटी टेकवा.
मधल्या ठिपक्यावरची नजर हलवू नका.
उजेड चमकला की बटण दाबा.
शाळेत गणिताच्या पेपरला केलं तेच मी केलं,
न दिसलेल्या उजेडांवरही दोन-चारदा
ठोकून दिलं अंदाजानं.
यंत्रानं पकडलं.
"ताई, ही पास व्हायची परीक्षा नाहीये,"
कानात बाळी घातलेला तो पोरगा म्हणाला,
माझ्या थोरल्याच्या वयाचा.
परत सगळं पहिल्यापासून.
या वेळी खरं खरं दाबलं.
मध्ये बराच वेळ काहीच आलं नाही,
की येऊन गेलं,
ते त्यालाच ठाऊक.

मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी.
डोळे मिटून पाच मिनिटं.
भिजली ती चार मिलिमीटर.
"फारच कोरडे."
एवढ्याशा पट्टीवर माप निघतं तर
ही पट्टी मार्चमध्ये हवी होती मला,
सुगंधामावशी गेली तेव्हा.
जीभ दातांत धरून सुई कशी ओवायची
ते तिनंच शिकवलेलं.
सगळ्या रडत होत्या. माझ्या घशात धोंडा
आणि डोळ्यांत वाळू, नुसती वाळू.
टोचायला लागलं म्हणून मोरीत जाऊन
थेंब घातले. बाहेर आले तर गाल ओले.
पाठोपाठ प्रमिलावहिनी,
मोरीच्या कट्ट्यावर विसरलेली माझी बाटली
हातात घेऊन.
तेव्हा काही बोलली नाही.
तेराव्याला बोलली.

फॉल-बिडिंगची कामं अजून घेते.
सुई थोरला ओवून ठेवतो, सकाळी सात-आठ,
एका उशीवर टोचून.
रामा की मोरपंखी हे मात्र
गिऱ्हाइकाकडूनच वदवून घेते,
जणू त्यांची आवड विचारतेय.
उन्हात जात नाही. शिवडीला रोहित आलेत
असं शेजारणी सांगतात,
मी पण गेले एकदा संध्याकाळचा काळा चष्मा लावून.
चिखलावर कुणीतरी गुलाबी ओढणी
वाळत टाकल्यासारखं काहीतरी होतं.
छान होतं.

रोज उठल्यावर एक एक डोळा झाकून
चौकटींचा कागद बघायचा,
रेघा सरळ आहेत ना.
कागद पावसाळ्यात भिजून गेला,
तेव्हापासून समोरच्या आरोलकरांच्या
खिडकीचे गज धरलेत मी.
परवा डावीकडून तिसरा वाकडा.
डावा डोळा झाकला. वाकडा.
उजवा झाकला. वाकडा.
चहा उतू गेला, तो जाऊ दिला.
मग न राहवून हाक मारली,
अहो आरोलकर, तुमचा तो तिसरा गज...

"कूलर चढवताना वाकला हो रविवारी!
एवढ्या लांबून दिसला तुम्हाला?"

दिसला, म्हटलं.

आत येऊन खाटेवर बसले
तेव्हा आलं, कुठून कोण जाणे.
चारपेक्षा कमीच असेल.
पुसलं नाही.